चार नंबर

मी दिव्यांची जाळी बोलतेय, आणि आज जरा चिडूनच बोलणार आहे. माझ्याकडे बघून “काय मस्त लुकलुकते!” म्हणणाऱ्या माणसांना मी आता पुरती विटले आहे. लुकलुकायला गल्लीतली पानटपरीसुद्धा लुकलुकते. त्यासाठी कोणी मला जन्माला घातलेलं नाही.

माझा जन्म नागपूरचा, २०१२ सालचा. काळ्या पट्ट्यांची एक मोठी जाळी, तिच्या प्रत्येक सांध्यावर एलईडीचा बारकासा दिवा, आणि सगळ्या दिव्यांना हुकूम सोडणारी एक कंट्रोलरची डबी. मला मांडलं अल्का मेश्रामने. ही मूळची गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती नागपुरात एका कंपनीत लागली होती. क्लबांच्या नाचघरांसाठी दिव्यांची मांडणी करायची हे त्या कंपनीचं काम. गोंदियात एका हॉटेलच्या गच्चीवर डिस्को निघणार आहे असं कळलं, तेव्हा तिने ते काम हट्टाने मागून घेतलं.

अल्काच्या आईला, लीलाबाईंना, लेक नेमकं काय करते हे कधीच कळलं नव्हतं. “लाईट लावते,” एवढंच त्या शेजारणींना सांगत. शेजारणी म्हणत, “लाईट तं आमचा पोट्टाही लावते.” माझ्यावर काम करता करता अल्का फोनवर म्हणायची, “आई, एक डाव तुले दाखवीन, मंग समजंल.” म्हणजे दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी ती मनापासून घेतली.

तिने माझ्यात चार कार्यक्रम भरले. पहिला पांढरा लखलखाट, दुसरा पळापळ, तिसऱ्यात सगळे रंग एकदम. हे तीन गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. चौथा तिचा स्वतःचा. त्यात आधी मी पूर्ण विझते. मग एका कडेने मधासारखा पिवळा उजेड उगवतो आणि सावकाश, अगदी सावकाश पुढे सरकतो. खाली उभ्या माणसांचे चेहरे एकेक करून उजळत जातात. गाणं संपेपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला तो उजेड येतो.

हॉटेलचे मालक भुवनेश्वर पटले. राइस मिलवाले, मूळचे दवनीवाड्याकडचे, नुकतेच गोवा फिरून आलेले. चार नंबर पाहून ते वैतागले.

“मॅडम, एवढे दिवे टांगले, मंग इझवून काऊन ठेवले?”

“भाऊ, लोक दिवे पाहाले नाई, नाचाले येतील. त्याइले एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजे.”

“चेहरे तं घरीही दिसतेत! गोव्यात डोळे दिपून जातेत. एकदम चकाचक होना चाहिए.”

उद्घाटन दिवाळीत ठरलं. अल्काने बजावलं, “दिवाळीत पांढरा लाईट नका लावू. तुडतुडे येतील. चार नंबर राहू द्या.” इथे धान पिकायला आलं की तुडतुड्यांचे थवे उठतात. गावात या दिवसांत जेवायला बसताना अंगणातला दिवा मालवतात आणि दूर गोठ्याशी एक पेटता ठेवतात, म्हणजे किडे तिकडे जातात. हे भुवनेश्वरभाऊंना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचं अर्धं आयुष्य तसंच जेवण्यात गेलं होतं.

पण ते म्हणाले, “ते गावात, मॅडम. माझ्या डिस्कोत कायले येतेत तुडतुडे?”

जणू तुडतुडे दारावरची पाटी वाचून, लाजून परत जाणार होते!

उद्घाटनाला त्यांनी स्वतःच्या हाताने एक नंबर दाबला. मी आरडाओरडा करू शकत नाही, नाहीतर केला असता. हॉटेलच्या मागे धानाच्या बांध्याच बांध्या, नजर पोचेल तिथवर शेतं. तिथून हिरवा थवा उठला तो थेट माझ्यावर. केकवर तुडतुडे, पेल्यात तुडतुडे, बायकांच्या केसांत तुडतुडे, गाणाऱ्याच्या तोंडात तुडतुडे. पाहुणे जेवण टाकून खाली पळाले. आणि दोष कोणाला? मला आणि अल्काला. “नागपूरवालीच्या जाळीनं किडे आणले,” असं भुवनेश्वरभाऊ गोंदियाभर सांगत फिरले. कंपनीनेही तेच खरं धरलं. अल्काला पुन्हा मांडणीचं काम मिळालं नाही, दुरुस्तीच्या टेबलाशी बसवलं तिला. मला याचा राग अजून येतो.

डिस्को दुसरी दिवाळी काही पाहू शकला नाही. मला केवळराम नावाच्या, मांडव-गालिचे भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याने नेलं. मग लग्नं, गणपती, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली नाटकं, जिथे टांगाल तिथे मी टांगून घेतलं. सगळीकडे एक, दोन, तीन. कधी चुकून चार दाबला गेला की मी विझायची, आणि उगवायच्या आतच केवळराम डबीवर थापडा मारायचा. “मेला हा चार नंबर,” तो सगळ्यांना सांगायचा. मेला नव्हता हो! जरा थांबायचं होतं फक्त.

२०१६ मध्ये केवळरामने मला नवेगाव बांधला नेलं. लग्न अल्काच्या भावाचं, संघदीपचं. संध्याकाळी स्वागत समारंभ होता. मांडवात शिरताच अल्का थबकली. तिने माझ्या सांध्यांवरून हात फिरवला आणि केवळरामला म्हणाली, “भाऊ, चार नंबर लावते मी.”

“तो मेला आहे, बाई. सारा अंधार होते.”

“होऊ द्या. थोडं थांबा.”

तिने बटण दाबलं. मी विझले. आणि मग माझ्या कडेने उजेड उगवला, अगदी तिने मांडला होता तसा. पहिल्या रांगेत वरमाय लीलाबाई बसल्या होत्या. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला तशी त्यांनी मान वर केली. शेजारणीशी चाललेलं बोलणं अर्धवट सोडून त्या बघतच राहिल्या. माझा जन्म सार्थकी लागला असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून नवरदेवाचे काका, कवडू, ओरडले, “लाईन गेली! जनरेटर लावा!”

पंखे फिरत होते. गाणं वाजत होतं. तरी म्हणे लाईन गेली! भारनियमनाची सवय झालेली माणसं ही. अंधार दिसला की जनरेटरकडे धावायचं, एवढंच ठाऊक. जनरेटर धडधडला, हॅलोजन भसकन पेटले, आणि माझा उजेड त्यात कुठल्या कुठे गेला.

“कोनं इझवलं वो?” लीलाबाई म्हणाल्या. “मी तं पाहूनच राहिली होती.”

“आई, ते मीच बनवलं होतं.”

“तुनं? मंग पुढं काय होत होतं?”

अल्का पुन्हा डबीकडे वळली. पुढे काय होतं हे सांगून कळलं असतं, तर मला बनवलंच कशाला असतं? तोवर पंगती बसल्या आणि केवळरामने पुन्हा एक नंबर लावून टाकला होता.

आता मी त्याच्या गोदामात गालिच्यांच्या गठ्ठ्यांमागे पडून आहे. पट्ट्या वाकल्यात, पण डबी चालते. अल्का नागपुरात दुसऱ्यांचे बिघडलेले दिवे नीट करते, आणि लीलाबाई गावात अजून विचारतात म्हणे, पुढं काय होत होतं. माझं मागणं मोठं नाही. भंगारात घालण्याआधी मला एकदा त्या बाईच्या अंगणात टांगा. चार नंबर दाबा. अंधार झाला तर डबीला मारू नका, जनरेटरकडे धावू नका. तेव्हा मी बंद पडलेली नसते हो, सुरू होत असते.