चोर धरणारी हळद

जुनी इंदूर भागातल्या त्या गल्लीच्या सभागृहात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. पोहे-जिलबी खाऊन तृप्त झालेली मंडळी सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती आणि मधोमध पाटावर हल्दीबाबा विराजमान होते. समोर हळदीचं तबक, उजवीकडे लिंबाच्या पाण्याची बादली, डावीकडे भक्तांनी वाहिलेल्या साड्यांचा ढीग. ब्रह्मचारी बाबा इतक्या साड्यांचं काय करतात, हे विचारण्याइतकं नास्तिक तिथे कुणी नव्हतं.

एक होती, पण ती दाराशी उभी होती. निवेदिता सांगलीहून इथे येऊन भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. आज तिची बॅच नव्हती, म्हणून फुकटची करमणूक बघायला आली होती. थोडं हसू, मग घरी जाऊ, असा तिचा साधा बेत होता.

गल्लीत काही दिवसांपासून चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. कुणाची सायकल गेली, कुणाचा सिलिंडर. शेवटी गल्लीचे अध्यक्ष अरविंदजी यांच्या कपाटातून त्यांच्या पत्नीच्या, प्रमोदिनीकाकूंच्या, सोन्याच्या पाटल्या गेल्या. गल्लीच्या तोंडाचा दिवा दिवाळीपासून बंद होता आणि मागच्या भिंतीला माणूस सहज आत येईल एवढं भगदाड होतं. पण तिकडे बघायला वेळ कुणाला? ठाण्यात तक्रारही कुणी दिली नाही. काकूंच्या परेशचं लग्न जमत होतं, दारात पोलिसांची गाडी दिसली तर मुलीकडचे काय म्हणतील! तेव्हा सगळ्यांच्या अकलेने ठरलं आणि मानपूरहून बाबा आले.

“भिया, कैमरा झूठ बोल सकता है, हल्दी मैया नहीं!” बाबा गरजले. “जिसका मन साफ, उसकी हथेली पीली. जिसके मन में चोर, उसकी हथेली लाल!”

“वा! एकदम सायंटिफिक आहे,” रेल्वेतून निवृत्त झालेले दिवाकरराव म्हणाले. ते आयुष्यभर वेळापत्रकावर विश्वास ठेवत आले होते, त्यामुळे त्यांचा कशावरही बसत असे.

नियम मोठे पवित्र होते. घरच्या मंडळींनी आंघोळ-पूजा आटोपून यायचं, लिंबाच्या पाण्यात हात शुद्ध करायचे आणि मग हळद चोळायची. कामवाल्यांना शुद्धी नव्हती. त्यांनी हातातलं काम टाकून तसंच यायचं, हात धुवायचे नाहीत की पुसायचे नाहीत. “मैया को असली हाथ देखना है,” बाबा म्हणाले आणि सभागृहाने माना डोलावल्या.

घरच्यांच्या हातावर हळद पिवळीधमक राहिली. अरविंदजी प्रामाणिक निघाले, परेश निघाला, शेजाऱ्याला रीतसर बुडवून बसलेला बंडूसुद्धा निघाला. मग कामवाल्यांमध्ये पहिला मान काकूंच्या यमुनेला मिळाला. ती कढई घासता घासता उठून आली होती, हातावर अजून फेस होता. तिने हळद चोळली मात्र, तळवे लालभडक झाले.

“अरे बाप रे!” सभागृह उठून उभं राहिलं. “मी तर पहिल्यापासूनच म्हणत होते,” कधीच काही न म्हटलेली बेबीमावशी म्हणाली.

“बोल, पाटल्या कुठे आहेत?” काकूंनी यमुनेच्या कानशिलात लगावली.

“काकूजी, देवाची शपथ! परेशभैयाला मांडीवर खेळवलंय मी, तुमच्या घरात चोरी करीन?”

परेश मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याने मांडीची गोष्ट ऐकली आणि झूम केलं.

निवेदिताचं हसू कधीच मावळलं होतं. हळद लाल कशी झाली? बाबाने काही शिंपडलं का? त्याचे हात तर मांडीवरच होते. ती डोकं खाजवत राहिली आणि तेवढ्यात हारांचा दोरा कापायला आणलेली कात्री काकूंच्या हातात आली. गर्दीतल्या दोघींनी यमुनेचे खांदे दाबून धरले. वेणी जाड होती, कात्री बोथट होती, वेळ लागला. यमुना आधी ओरडली, मग नुसती हुंदके देत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यमुना जमिनीवर टेकलेले तळवे उचलायला लागली तेव्हा निवेदिताला फेस दिसला आणि लख्ख उजेड पडला. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला हे एक वेणी आधी कळायला हवं होतं, या विचाराने तिचा संताप दुप्पट झाला.

“थांबा!” ती गर्दीत घुसली. “काकू, एक ताट घासा.”

“मी? मी कशाला?”

“तुमचं मन साफ आहे ना? मग भिता कशाला?”

आता गल्लीला नवा तमाशा मिळाला. “घासा, काकू, घासा! बघू तर सही!” ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या तेच ओरडू लागले. बाबा “मैया का अपमान” वगैरे पुटपुटले, पण गर्दी कुणाची नसते. काकूंनी नळाखाली साबणाच्या वडीने ताट घासलं आणि तशाच हातांनी हळद चोळली. तळवे लालभडक झाले.

बंडू म्हणाला, “म्हणजे... पाटल्या काकूंनीच?”

“तोंड सांभाळ!” अरविंदजी ताडकन उठले. “ही काहीतरी ट्रिक आहे!”

“ट्रिकच आहे,” निवेदिता म्हणाली. “पण ती तुमच्या बायकोचे हात लाल झाल्यावर दिसली तुम्हाला. हळदीला साबण, सोडा, चुना लागला की ती लाल होते. वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो की नाही? तुमच्या घरात रोज होतो. त्या शर्टाला कुणी चोर म्हणतं का? आणि लिंबू लागलं की ती पिवळी राहते, म्हणून तुमची शुद्धी आधी.” तिने बादलीतलं लिंबाचं पाणी यमुनेच्या तळव्यांवर ओतलं. लाली उतरली, पिवळा रंग परत आला. “घ्या, आता झाली प्रामाणिक! चोर हवा असेल तर भिंतीचं भगदाड बघा, तो दिवा लावा, तक्रार द्या. पुरावा शोधा. हाताचा रंग म्हणजे पुरावा नाही.”

बाबा साड्या गोळा करत होते. परेशने त्यांची कॉलर धरली तेव्हा त्यांनी मैयाचा जप सोडला आणि निर्लज्जपणे हसून म्हणाले, “मैंने किसी का नाम लिया क्या, भिया? मैं तो बस हल्दी रखता हूँ. हर कॉलोनी में बर्तनवाली ही निकलती है, और हर कॉलोनी खुश हो जाती है.”

लोकांनी बाबाला बदडायला सुरुवात केली. त्यांना कुणाला तरी मारायचंच होतं.

काकू यमुनेजवळ आल्या. “झालं ते झालं गं. केस काय, वाढतील. उद्यापासून ये कामावर. पगारही वाढवते.”

यमुनेने पदर डोक्यावरून घेतला. ती निवेदिताकडे वळली. “मॅडमजी, ठाण्यात चला मेरे साथ. रपट लिखवानी है.”

“चल. बाबाला आत टाकल्याशिवाय आपण हलायचंच नाही,” निवेदिता म्हणाली.

“बाबाची तुम्ही लिहवा,” यमुना म्हणाली. “कात्री त्याच्या हातात नव्हती.”

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. अरविंदजी हात जोडत पुढे आले. “निवेदिता मॅडम, तुम्ही आपल्यातल्या. परेशचं लग्न आहे, जरा समजावा हिला. घरातली गोष्ट आहे.”

निवेदिताने परेशच्या हातातला मोबाइल काढून घेतला. त्यात कात्री होती, हात होते, टाळ्या होत्या आणि टाळ्या वाजवणारे चेहरे होते, झूम करून.

“पुरावा,” ती म्हणाली आणि यमुनेला घेऊन ठाण्याकडे निघाली.