तळाला राहिलेला सिताराम

रुद्रेशची कादंबरी छापून वर्ष झालं, पण कुणी हूं की चूं केलं नव्हतं. येलदरी धरणातलं पाणी एके दिवशी उठतं आणि गावोगाव पाहुणचाराला निघतं, अशी ती भलीमोठी गोष्ट. त्यात मतदान करणारे मासे, तोंडाळ विहीर, आणि पात्रं तर लग्नाच्या पंगतीएवढी. जिंतूरच्या मित्रांनी फुकटात प्रती नेल्या आणि मग ते तोंड चुकवू लागले. बिचाऱ्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी वाचून काहीतरी म्हणावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पेडगावच्या मठात श्रावणातली पोथी यंदा लवकर संपली, तेव्हा त्याची आई भागम्मा म्हणाली, "तुझंच वाच की. आमी ऐकतो."

मठात ऐकायचं म्हणजे पोथीसारखंच. पुस्तक पाटावर, त्यावर बेलाचं पान. रुद्रेश वाचायचा आणि भागम्मा अर्थ सांगायची. "पानी दारात आलंय म्हन्जे च्या तर ठिवावाच लागंल," असं ती म्हणाली की सगळे माना डोलवायचे. आपल्या प्रतिभेचं पार वाटोळं झालं, असं रुद्रेशला वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा हजर झाली की स्वारी खूश.

शेवटच्या दिवशी पाणी भटकून भटकून दमलं आणि धरणात परतलं. रुद्रेशनं पुस्तक मिटलं. समाप्तीचा नारळ शेजारच्या आश्रुबाच्या हातात होता, पण तो काही फोडेना.

"सिताराम कुठं हाय?" आश्रुबानं विचारलं.

सिताराम म्हणजे कादंबरीतला वायरमन. धरण रिकामं झालेलं पाहून तो तळाचं जुनं गाव बघायला उतरला होता. रुद्रेशनं घाईघाईनं शेवटची पानं चाळली. सितारामला वर आणायचं तो साफ विसरला होता.

"ते... वाचकांवर सोडलंय," त्यानं ठोकून दिलं.

"आमच्यावर?" भागम्मा कडाडली. "बुडायलाय त्यो! त्याची बायकू भाकर झाकून बसलीय, तूच वाचलंस न्हवं? मानूस तळाला ठिवून समाप्ती व्हत न्हाई."

कुणी जागचं उठेना. एका म्हातारीनं तर डोळ्यांना पदर लावला. रुद्रेश बघतच राहिला. त्याच्या डोक्यातून निघालेल्या, त्यानंच विसरलेल्या माणसासाठी अख्खा मठ हळहळत होता. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

"आई, उद्या लिहून आणतो."

"उद्या?" भागम्मा म्हणाली. "तवर त्याचा दम टिकंल का? बस हितंच."

आश्रुबानं नारळ खाली ठेवला आणि खिशातला पेन पुढं केला.