दुबईहून इनाम

स्क्रीनवर जोडी सुटायच्या तयारीत असते, तेव्हा मैदानावर ती धावून, थांबून, पाठीवर थाप घेऊन मोकळी झालेली असते. फुलसावंगीच्या शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, लाइव्ह चोवीस सेकंद मागं चालतं, हे भैरवीनं मोजून ठेवलं होतं. पटाच्या पहिल्या दिवशी तिनं मावसभावाला, सलीलला, मैदानावर उभं केलं. झेंडी पडली की त्यानं फोनवर ओरडायचं आणि इकडं आर्णीत बसून हिनं घड्याळ सुरू करायचं. असं पाच वेळा केलं.

"येवढ्या उन्हात मले एका आकड्यासाठी उभं केलं तू?" सलील म्हणाला होता.

"आकडा कामाला येतो," भैरवी म्हणाली होती.

भैरवी फिजिक्सची बी. एस्सी. वडील कोषागारात, आई शाळेत. घरात बैल कुणी पाळलेला नव्हता. सलीलचं आर्णीत फ्लेक्स आणि टी-शर्ट छापायचं दुकान होतं. नामांकित बैलजोड्यांचे फोटो टी-शर्टवर छापून विकायची कल्पना तिची, मशीन त्याचं. प्रश्न होता तो लोकांपर्यंत पोचायचा. पटाचं लाइव्ह करणारा संजय दिवसभराच्या जाहिरातीचे पाच हजार मागत होता. पण त्याच लाइव्हवर एक्कावन्न रुपये देणगी पाठवली की सोबतचा मेसेज तो स्वतः माईकवर वाचायचा, आणि माईकचा आवाज भोंग्यावरून साऱ्या मैदानभर जायचा. वर वाचून झालेला मेसेज स्क्रीनवर पिवळ्या पट्टीत काही मिनिटं चिकटून राहायचा, तो वेगळाच फायदा.

भैरवीनं प्रयोग करून पाहिले. 'शुभेच्छा' लिहिलं तर संजय वाक्य गिळून टाकायचा. टी-शर्टचं नाव आधी आलं तर वाचायचाच नाही. पण 'अमुक जोडीला एक्कावन्न रुपये इनाम' असं लिहून शेवटी टी-शर्टचा नंबर टाकला, की तो घसा फोडून वाचायचा. एकाच नावानं किती इनाम देणार, म्हणून तिनं तीन खाती उघडली होती: जय बळीराजा ग्रुप, पटवेडा पुसद आणि पटप्रेमी दुबई. दुबईचं नाव आलं की मैदानातून शिट्ट्या यायच्या आणि दुकानातल्या फोनवर ऑर्डरी.

आज तिसरा दिवस, फायनलचा. लाइव्हवर साडेअकरा हजार माणसं. दुकानात टेबलावर दोनशे टी-शर्ट घडी घालून तयार होते, सगळ्यांवर एकच जोडी: सदाशिवरावांचे चांद्या आणि वजीर. दुपारी पावणेचारला भैरवीनं दुबईच्या खात्यावरून देणगी सोडली. चोवीस सेकंद आणि वर थोडा वेळ गेल्यावर स्क्रीनवर संजय गरजला.

"आणि दुबईहून आपले पटप्रेमी! चांद्या-वजीर जोडीले एक्कावन्न रुपये इनाम! टी-शर्ट पाह्यजे असन त नंबर खाली हाय बरं का!"

"वाच बाप्पा, अजून एकडाव वाच," सलील हसत म्हणाला. फोन किणकिणायला लागले. सात ऑर्डरी. नऊ.

दहावा फोन विमलताईंचा होता. सदाशिवरावांच्या पत्नी. महिन्यापूर्वी भैरवी फोटोची परवानगी मागायला त्यांच्या घरी गेली होती, तेव्हा ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ल्याशिवाय त्यांनी तिला उठू दिलं नव्हतं.

"पोरी, तुले मोबाइलमधलं समजते म्हून तुले लावला." त्यांना धाप लागली होती. मागं भोंगा ऐकू येत होता. "तो दुबईवाला कोन हाय, शोधून देतं का?"

भैरवीचा हात की-बोर्डवर होता तसाच राहिला. "का काकू? काय झालं?"

"वजीरच्या खुराले लागलं वं. सकाळी डाक्टरनं पाह्यलं तवा चांगला होता. जेवणाच्या टायमाले टेम्पोपाशी पाय मुरगळला, टेकवत नाही नीट. ह्ये म्हणले, जाऊ दे फायनल, बैल राह्यला पाह्यजे. जोडी फिरवून टेम्पोकडं आणत होते, आन् तेवढ्यात त्या दुबईवाल्यानं इनाम बोललं."

"मग?"

"मग काय? माईकवर जोडीच्या नावानं इनाम बोललं का जोडी मागं फिरत नाही या पटात. ह्यायच्या बापाच्या वेळेपासून असंच हाय. ज्यानं बोललं त्यानंच माईकवर नाव-गाव सांगून मागं घेतलं तर मालक मोकळा. नाही तर शब्द खाल्ला म्हणतेत. ह्यायनं पुन्हा बैलाईचं तोंड वळवलं पहा. अवं, तसा पळाला तर पाय मोडन त्याचा!"

"काकांना फोन द्या ना."

"थे तिकडं जोडीपाशी हायेत, लोकाईचा घोळका हाय. माह्यं कोन ऐकते? दोन जोड्या राह्यल्या मधात. लवकर शोध वं माय." फोन चालूच राहिला. त्या कुणाशी तरी बोलायला लागल्या.

भैरवीनं स्पीकरवरचा फोन म्यूट केला आणि सलीलकडं पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"शोधून राह्यली, म्हण. आन् ठेवून दे," तो हळूच म्हणाला.

"इनाम म्हणजे असं असतं, हे तुला माहीत होतं?"

"मी कधी बैल बांधला? मले वाटलं, म्हणतेत तसंच."

सलीलच्या फोनवरून तिनं संजयला लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. पटाच्या दिवशी त्याच्या नंबरवर अर्धा जिल्हा असायचा. एका जोडीपासून दुसरीपर्यंत अडीच मिनिटं, हेही तिनं मोजलं होतं. म्हणजे पाच मिनिटं. त्यातलं एक गेलं.

तिनं दुबईचं खातं उघडलं, एक्कावन्न रुपये टाकले आणि लिहिलं: 'इनाम मागे घेतो. जोडी उतरवू नका.' पाठवलं. मग तिघंही थांबले: ती, सलील आणि फोनच्या पलीकडं विमलताई. भोंग्याचा आवाज फोनमधून आधी आला.

"अरे! दुबईचे भाऊ म्हणतात इनाम मागं!" संजय हसत होता. "अवो भाऊ, नाव-गाव सांगा ना! असं कुठं अस्ते? का दुसऱ्या जोडीवर मन गेलं?"

मैदानात हशा पिकला. चोवीस सेकंदांनी तोच हशा स्क्रीनवर पुन्हा आला, आणि खाली कमेंट धावायला लागल्या. दुबईत ऊन जास्त झालं वाटते. शेठ घाबरला. पळवा चांद्या-वजीर!

"ह्ये काय म्हणले ऐकलं का?" विमलताईंनी विचारलं. "म्हणले, बिननावाच्या मानसाच्या म्हणण्यावर मी कायले फिरू? आता तर अजूनच हट्टाले पेटले. एक जोडी राह्यली वं."

सलील पुढं सरकला. "नाव टाक. कायबी टाक. राजेंद्र, मुक्काम दारव्हा. कोन पाहून राह्यलं?"

भैरवीनं विचार केला. त्यात तीस सेकंद गेले, ते तिला घड्याळात दिसत होते. खोटं नाव टाकलं आणि दारव्ह्याचा कुणी मैदानात असला, तर संजय त्याला माईकवर बोलावणार. आता एकाच मेसेजपुरता वेळ होता. तो फसला तर दुसरा नाही. आणि सदाशिवराव विश्वास ठेवणार कुणाच्या नावावर? त्यांना ओळखीचं वाटेल असं एकच नाव तिच्याकडं होतं.

"सलील, माझंच टाकते."

"डोकं फिरलं का तुयं? दुबई तू, पुसद तू, बळीराजा तू. साडेअकरा हजार लोकाईसमोर सांगशीन? उद्यापासून कोन घेईन आपला माल? हे दोनशे मी काय पोछ्याले वापरू?"

"वजीर पळाला आणि पडला, तर ह्याच दोनशेंवर त्याचा फोटो आहे."

टेबलावरचा सगळ्यात वरचा टी-शर्ट सलीलनं उलटा केला. बैलांची तोंडं आत गेली.

एक्कावन्नात पन्नासच अक्षरं मावतात. तिनं दोनशे एक टाकले. स्वतःचं खातं, स्वतःचा फोटो असलेलं. दोनदा खोडावं लागलं.

'मी भैरवी, आर्णी. पटप्रेमी दुबई, पटवेडा पुसद, जय बळीराजा ग्रुप मीच. टी-शर्ट खपावे म्हणून इनाम बोलले. चांद्या-वजीरचं इनाम मागे घेते. वजीरचा पाय दुखतोय. काका, फिरा.'

पाठवलं.

स्क्रीनवर आधीची जोडी धुरळ्यात शिरत होती. म्हणजे मैदानावर ती केव्हाच पोचली होती, आणि चांद्या-वजीर सुटायच्या जागेकडं निघाले होते. फोनमधून नुसता गलका येत होता. संजय कुणाच्या तरी वेळेचे सेकंद सांगत होता, पुन्हा सांगत होता. त्यानं मेसेज पाहिला होता का? भैरवीनं मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. वीस.

मग फोनमधला भोंगा अचानक गप्प झाला. संजय बोलता बोलता मधेच असा थांबलेला तिनं तीन दिवसांत ऐकला नव्हता. पुन्हा सुरू झाला तो हळू आवाजात, घसा न फोडता. "मी भैरवी, आर्णी..."

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मैदान शांत झालं, मग एका बाजूनं शिवी आली, मग पुष्कळ आवाज एकदम.

"फिरवले!" विमलताई ओरडल्या. "फिरवले वं त्यायनं! जू काढून राह्यले!" त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. बैलाच्या गळ्यातली घंटा फोनजवळून गेली. एक पाय सोडून तीन पायांवर जोर देत चालणारा तिचा ठेका भैरवीला ऐकू आला.

विमलताईंचा आवाज पुन्हा आला, पण वेगळा.

"माईकवर तुयंच नाव घेतलं का वं?"

"हो, काकू. मीच ती," भैरवी म्यूट काढून म्हणाली.

पलीकडं भोंगा, गलका, घंटा.

"तू तर आमच्या घरी जेवली होती," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुकानात स्क्रीनवर चांद्या आणि वजीर अजून सुटायच्या जागेकडंच चालले होते. सदाशिवराव वजीरच्या बाजूनं कासरा धरून होते. संजय तिचा मेसेज वाचत होता, आणि खाली कमेंट अजून जुन्याच येत होत्या: दुबईवाल्याचा जयजयकार, एक टी-शर्ट पाहिजे, साइज एक्सेल. सलीलनं हात लांब करून लाइव्ह बंद करायला बोट पुढं केलं.

"राहू दे," भैरवी म्हणाली. "मला ऐकायचं आहे."

तिनं घड्याळाकडं पाहिलं. मैदानातली पहिली शिवी स्क्रीनवर यायला अजून सहा सेकंद होते.