बायका सगळ्या बाहेर

"आई, आता मी बाबांना उचलूनच नेणार." मुलाने बाह्या सारल्या.

"हात लावून तर बघ. बाप आहे तो तुझा, गादी नाही."

हे काठावर उभे होते. काठ कसला, निळ्या फरशांची एक पट्टी आणि लोखंडी शिडीचे वरचे दांडे, एवढंच उरलंय. पोहण्याचा तलाव बुजवून तिथे गाड्या लावायची सोय केली. मुरूम ओतला, पण त्या शहाण्यांनी धड दाबलाही नाही. खोल बाजू अजून खचते आणि तिथल्या गाड्या तिरक्या उभ्या असतात.

ह्यांनी जन्मभर इथे बुडणारी माणसं बाहेर काढली. मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीवर होते. आता ह्यांना कालचं आठवत नाही, पण संध्याकाळ झाली की पाय इथेच वळतात. मग जागचे हलत नाहीत. मुलगा कामावरून दमून येतो आणि ओढत घरी नेतो. काल त्या ओढाओढीत ह्यांचं मनगट सुजलं. मुलगा मोरीत तोंड धुवायचं निमित्त करून रडला. उद्यापासून बाहेरून कुलूप लावणार, असं आज म्हणाला, म्हणून मीही त्याच्याबरोबर आले.

"बाबा, पाणी नाही इथं! माणसं नाहीत! कुणासाठी थांबलाय?"

"आत आहेत अजून."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तलाव बंद करताना मी खोली बघून आरोळी द्यायचे. ती ऐकल्याशिवाय हे काठ सोडत नसत, मग साहेब का येईना. आणि आता आरोळी देणारी रोज संध्याकाळी घरात पाय चोळत बसलेली!

रखवालदार बघत होता, गाडीवाले बघत होते. मला चारचौघांत तमाशा खपत नाही. माझं हसं करायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. तरी घसा खाकरला.

"बायका सगळ्या बाहेर!"

रखवालदार फिसकन हसला.

"दात आहेत तेवढे सांभाळ," मी त्याला म्हटलं.

हे वळले. "खोली बघितलीस?"

"बघितली."

"न्हाणी?"

"तीही बघितली. कुणी राहिलेलं नाही. चला आता, माझ्या पायांत जीव नाही."

हे मुकाट्याने निघाले. मुलगा बाह्या खाली करत मागे आला. फाटकात एक बाई गाडी आत घालत होती. ह्यांनी सुजलेला हात वर केला.

"बंद झालं, बाई. उद्या या."

बाईने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि गाडी मागे घेतली.