चिडलेला पालक

भावी मुख्याध्यापकांना तयार करणं हे माझं काम, आणि तोंड बंद ठेवणं हा त्यातला सगळ्यात छळवादी भाग. शेवटच्या परीक्षेत उमेदवाराने शहरातली एक शाळा दिवसभर चालवायची, मी कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, हा नियम मीच केलेला, कर्म माझं! शिवाय दिवसात कधीतरी मी एक खोटा चिडलेला पालक आत सोडते. कधी ते सांगत नाही.

यंदाची उमेदवार म्हणजे आमची 'कुजबुज', हे नाव मीच पाडलेलं. शिकवण्यात पटाईत, पण समोरच्याने आवाज चढवला की हिचा घसा बसलाच. दोनदा नापास झालेली. आज घसरली तर नाव यादीतून कायमचं कटणार होतं.

पालक म्हणून बोलावले होते माझे दीर, हौशी नाटकवाले. यायचे होते बाराला. पावणेबारालाच एक गृहस्थ दार आपटून आत आले.

"माझी सात वर्षांची मुलगी! काल तुमच्या बसने भलत्याच स्टॉपवर उतरवली. तासभर एकटी उभी होती!"

हे काही भाऊजी नव्हेत. कुजबुजने मात्र माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. अगं बाई, हिला हा माझाच माणूस वाटतोय! जीभ नुसती शिवशिवत होती.

"बसा," ती म्हणाली. आवाज खणखणीत. पाणी दिलं, मध्ये न बोलता सगळं ऐकलं, बसचा नंबर लिहून घेतला. "चूक आमची आहे. आज तिला मी स्वतः घरी सोडते." गृहस्थांचा आवाज खाली आला, डोळे पुसत गेले.

"काय माणूस शोधलात हो, मॅडम!" कुजबुज खूश. "खरंखुरं रडला!"

तेवढ्यात दारात भाऊजी. मिशी चिकटवलेली, आवाज टिपेला. "कुठे आहेत मुख्याध्यापक?"

"भाऊजी, गप्प बसा," मी म्हटलं. नियम गेला खड्ड्यात.

कुजबुजने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक. या परीक्षेत आजवर प्रत्येकाने मला पहिल्यांदा एकच विचारलंय, पास की नापास. हिने विचारलं,

"म्हणजे ती पोर खरंच तासभर एकटी उभी होती?"

उत्तराला न थांबता ती बसवाल्यांना गाठायला जिना उतरून गेलीसुद्धा. मी तिथल्या तिथे 'पास' लिहून सही ठोकली. मला रडू आलं, भाऊजींसमोरच. किती वर्षं मी अशी एक शोधत होते.