सासूला रागावण्याची वेळ

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी केलेली तक्रार खोटी नव्हती. वरच्या घरातली सून सासूवर तिन्ही त्रिकाळ ओरडते, जेवणाच्या वेळेला तर आवाज जिन्यापर्यंत येतो, असं त्यांनी समाजकल्याण कार्यालयात फोन करून कळवलं. आणि सुनेच्या मुलीला, ठकूला, विशेष मुलांच्या दिवसभराच्या केंद्रात जागा द्यायची की नाही हे ज्या कार्यकर्तीबाई ठरवणार होत्या, त्यांच्याच कानावर नेमकं ते गेलं.

"त्या येतील तेव्हा मला नुसतं आई आई करायचं," सासूने सुनेला बजावलं. "मी तुला बाळ म्हणेन."

"आजवर कधी म्हणालात?"

"म्हणून तर सराव करतेय."

कार्यकर्तीबाई आल्या तेव्हा घरात गोडवा नुसता ओसंडून वाहत होता. "आई, पाठीला उशी देऊ?" "नको गं बाळ, तूच बस जरा." ठकू तिच्या पट्ट्याच्या खुर्चीत बसून आळीपाळीने दोघींकडे बघत होती. सात वर्षांची ठकू बोलत नव्हती, मान फार वेळ धरू शकत नव्हती. पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

जेवणाची वेळ झाली. सुनेने कुस्करलेल्या बटाट्याचा चमचा पुढे केला. ठकूने ओठ घट्ट मिटले. पुन्हा चमचा, पुन्हा तेच.

"नेहमी असंच करते?" बाईंनी विचारलं. "वजनही कमी वाटतंय. तोंडाने जेवणारी मुलंच केंद्रात घेता येतात हो. नाहीतर आधी डॉक्टरांकडे, नळीने भरवण्याचं बघावं लागेल."

सुनेने चमचा खाली घेतला. उपाय तिला ठाऊक होता. मागे एकदा सासू गॅस चालू ठेवून झोपली, तेव्हा सून खरोखरच तोंडाला येईल ते बोलली होती. आणि खुर्चीतली ठकू खदखदून हसली होती. आदल्या दिवसापासून घट्ट मिटलेलं तोंड तेव्हा उघडलं. तेव्हापासून दर जेवणाला सासू काहीतरी गुन्हा करायची आणि सून झाडायची. पण हे सांगायचं कुणाला? पोरीच्या पोटात चार घास जावेत म्हणून मी सासूचा उद्धार करते, असं?

ठकू आता आजीकडे टक लावून बघत होती. वाट बघत होती.

"अगं, ओरड की!" सासू एकदम कडाडली. "पोर उपाशी आहे आणि तू कसली आई आई करत बसलीस!"

सुनेने डोळे मिटले. बाईंकडे बघून हे जमणार नव्हतं.

"आई! हात धुतलेत का?"

"नाही धुतले!"

"मग ताटाला हात का लावला? लहान आहात का? आणि चष्मा कुठे ठेवलात?"

"फ्रीजमध्ये!"

ठकूचं सगळं अंग ताणलं गेलं आणि ती हसत सुटली. सून चमचा धरून थांबली. हसू ओसरलं, श्वास सावकाश झाला, तेव्हाच तिने तो जिभेवर टेकवला. ओठ मिटले. घास गिळला गेला.

बाईंनी रुमालाने डोळे पुसले. "म्हणजे भांडण हे आहे होय!" मग त्या गंभीर झाल्या. "पण केंद्रात काय करायचं? आजी काही रोज येऊ शकणार नाहीत."

"मग तुम्हीच सून व्हा," सासू म्हणाली. "बघू, ओरडा."

"आजी, हात धुतलेत का?"

"एवढ्या आवाजात मला झोप लागते. पोटातून येऊ द्या!"

बाईंनी पदर खोचला आणि सुनेच्या हातातून चमचा घेतला. "आजी! किती वेळा सांगायचं तुम्हाला!"

ठकूने बाईंना न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. मग तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला, पाठोपाठ दुसरा, आणि ती पुन्हा खिदळली.

"आता नको, हसू संपू दे," सून कुजबुजली. "हां. आता."

घास परक्या हाताने आत गेला. आजवर आईच्या हाताशिवाय ठकूने कुणाकडूनच खाल्लं नव्हतं.

"पुढच्या आठवड्यापासून आणा हिला," वाटी स्वतःकडे ओढत बाई म्हणाल्या. "सुरुवातीला आजींनाही पाठवा. आमच्या सगळ्यांना ओरडायला शिकवतील. आणि खालच्या बाईंशी मी बोलते." मग ठकूकडे वळून पुढचा चमचा भरला. "आजी! आता काय करून ठेवलंत?"

"दूध उतू घालवलं!" सासूने हौसेने सांगितलं.

सुनेला हातांचं काय करावं कळेना. शेवटी तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं. एरवी ती जेवायला बसेपर्यंत सगळं गार झालेलं असायचं. पहिल्या घासाला जीभ चांगलीच पोळली. तिने तोंडातल्या तोंडात फुंकर घातली आणि लगेच दुसरा घास घेतला.