हलिनाचं नाणं

परदेशात, नोव्हायला मुलाकडे राहायला आल्यापासून लताबाईंची एकच मैत्रीण झाली होती, शेजारची हलिना. पंच्याऐंशीची पोलिश विधवा. दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण रोज सकाळी अकराला हलिनाच्या किचनमध्ये चहा ठरलेला.

त्या सोमवारी मात्र हलिनाने त्यांना आत घेतलंच नाही. दारातच त्यांच्या मुठीत काहीतरी कोंबलं. चांदीचं नाणं होतं, त्यावर रुंद कपाळाच्या एका माणसाचा चेहरा.

"आमचा कवी," ती कुजबुजली. "नवरा मला याच्या कविता वाचून दाखवायचा. नवऱ्याने जमवलेली बाकीची नाणी मारेक विकतोय. हे त्याला दाखवू नकोस."

आत जिन्यावर पावलं वाजली. हलिनाने घाईने दार लावून घेतलं.

मारेक तिच्या नवऱ्याचा पुतण्या. मदतीला म्हणून महिन्यापूर्वी ओहायोहून आला होता. तेव्हापासून हलिनाचा फोन त्याच्याच खिशात असे, औषधंही तोच देई.

मंगळवारी दार उघडलं नाही. बुधवारी सगळे पडदे ओढलेले. गुरुवारी लताबाईंनी बेल दाबूनच धरली, तेव्हा मारेक बाहेर आला.

"हलिना पोलंडला गेली. बहिणीकडे."

हलिनाची एकुलती एक बहीण दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या फोटोपुढची मेणबत्ती लताबाईंनीच पेटवली होती.

"तिने तुम्हाला काही दिलंय का?" त्याने हसत विचारलं. "डबीत एक नाणं कमी आहे."

"नाही."

त्याचं हसू मावळलं. "दुपारी घरी एकट्याच असता ना तुम्ही?"

घरी येऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि मुलाला, नकुलला, ऑफिसात फोन लावला.

"आई, प्लीज, त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये पडू नकोस. मी मीटिंगमध्ये आहे. सहाला येतो, मग बघू."

खिडकीतून पाहिलं तर मारेक गाडीत खोकी भरत होता. सहापर्यंत काय उरणार? लताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नाइन-वन-वन फिरवला.

"माय फ्रेंड. ओल्ड लेडी. ही सेज पोलंड. नो पोलंड! सिस्टर डेड!"

पोलीस दहा मिनिटांत आले, पण गाडी निघून गेली होती. त्यांनी दार फोडलं. मागच्या बेडरूमला बाहेरून कुलूप होतं. आत हलिना जमिनीवर पडलेली, ओठ फुटलेले, गुंगीत. श्वास चालू होता.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. लताबाईंनी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते गच्च धरलं आणि आवाज न करता रडत राहिली.

पुढच्या आठवड्यात मारेकची गाडी ओहायोत टोलेडोजवळच्या एका पार्किंगमध्ये सापडली. रिकामी. त्याचा पत्ता नाही.

नकुलने दाराला कॅमेरा बसवला. "माझंच चुकलं, आई. पण आता घाबरू नकोस."

लताबाई "बरं" म्हणाल्या. पण नकुल कामावर असताना बेल वाजली, की त्या अजून जागच्या हलत नाहीत. बाहेरची पावलं पायऱ्या उतरून जाईपर्यंत श्वास रोखून उभ्या राहतात.